तान्हा पोळा लेकराच्या हाती: आठ दिवस आधीपासून बोजारा मोजेपर्यंत

विदर्भात तान्हा पोळ्याला पोरं खेळण्यातला बैल घेऊन दारोदार बोजारा (बैलासाठी मिळणारे पैसे) मागतात. त्या दिवशी गावात फिरा, म्हणजे गडबड कुठे होते ते दिसतं. बैल बाजारातून आणलेला, झूल मायनं शिवलेली, बाशिंग काकानं चिकटवलेलं, दोरी आबाजींच्या हातात. पोरगं धोतर-फेट्यात अवघडून फोटोपुरतं उभं. मग कोणाला तरी आठवतं की सणातून मुलाने शिकायला पाहिजे, आणि भर रस्त्यात परीक्षा सुरू होते: "सांग बरं, बैलाले पाय किती?" पोरगं गप्प. माय वरमते.

सगळं आपणच करणं आणि मग तोंडी परीक्षा घेणं, दोन्हींचा परिणाम एकच. लेकराला त्या दिवशी करायला काही उरत नाही.

म्हणून खालच्या सगळ्या टप्प्यांना एकच नियम लावला आहे. प्रत्येक टप्प्यात लेकराकडे असं एक काम द्यायचं की ते झालं नाही तर पुढचं अडेल. आणि प्रश्न तोच विचारायचा ज्याचं उत्तर त्या कामाला लागतं. बैलाला पाय किती, हे सगळ्यांनाच माहीत असतं. "पायाले बांधाले दोऱ्या किती कापू?" याचं उत्तर मात्र खरंच हवं असतं, आणि चुकलं तर एक पाय उघडा राहतो. तिथे लेकरू आपोआप मोजतं.

हे सगळं साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरात तीनच्या आतलं बाळ असेल तर मणी, बिया, नाणी त्याच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

## सुरू करण्याआधी

श्रावण अमावस्येला मोठा पोळा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, तान्हा. तयारी मात्र आठ दिवस आधी धरा. कारण साधं आहे: पावसाळी हवेत मातीचा बैल लवकर वाळत नाही. आदल्या दिवशी बसलात तर शेवटी बाजारचाच आणावा लागतो.

एका सुतळीला आठ गाठी मारून ती खुंटीला टांगा. रोज संध्याकाळी लेकराने एक गाठ सोडायची. "पोळा कधी हाय?" विचारलं की उत्तर द्यायचं नाही, सुतळीकडे बोट दाखवायचं. गाठ सैल मारा, नाही तर सोडताना रडारड.

सामान घरातलंच: काळी माती, बारीक रेती, थोडा भुसा, हळद, गेरू, सुतळी, जुन्या लुगड्याचा काठ, पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं, बांबूच्या सरळ काड्या. रंगीत कागद आणि मणी असले तर बरं, नसले तर अडत नाही.

सावधान: हे दिवस फवारणीचे असतात. माती कालवायला, रंग भिजवायला कीटकनाशकाचा रिकामा डबा किंवा बाटली वापरू नका, कितीही धुतलेली असो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते सगळ्यांना आठवत असेल. मातीही नुकत्याच फवारलेल्या वावरातली नको. नाल्याच्या काठची किंवा अंगण खोदून आणा.

आणखी एक. घरातल्या कोणा एकाने हे हाती घ्यायचं. आजी किंवा आबाजी असतील तर उत्तम, त्यांना घाई नसते. बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा की मधे बोलायचं नाही. पाच जणांनी पाच बाजूंनी "असं नाही, तसं कर" म्हटलं की लेकरू माती सोडून पळतं.

## टप्पा १: माती पारखणं आणि बैल करणं

### आधी दोन गोळे

आपली काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या यामुळेच. निव्वळ काळ्या मातीचा बैल केला तर तिसऱ्या दिवशी पाठीवर भेग, पाचव्या दिवशी पाय वेगळा. दरवर्षी बऱ्याच घरी हेच होतं आणि "पोराने नीट केला नाही" असं म्हणून विषय संपतो.

हे लेकराला सांगू नका, दिसू द्या. पहिल्या दिवशी दोन गोळे करायला लावा. एक नुसत्या काळ्या मातीचा. दुसरा असा: दोन वाट्या माती, एक वाटी रेती, एक मूठ भुसा. वाटी त्याची, मूठ त्याची, मोजणारं तेच. दोन्ही गोळे सावलीत, ओसरीवर. रोज सकाळी पाहायचं आणि विचारायचं, "आपल्या बैलाले कोणती माती घ्याची?" दोन दिवसांत उत्तर समोर असतं.

दोन्हींना भेगा गेल्या तर रेती वाढवा आणि तिसरा गोळा करा. माती गावागणिक वेगळी असते.

### मग कोठ्यात (गोठ्यात) जाऊन पाहणं

घडवायच्या आधी खरा बैल पाहून या. घरी नसेल तर शेजाऱ्याकडे. ट्रॅक्टर आल्यापासून निम्म्या घरांच्या कोठ्यात आता दुचाकी उभी असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गव्हाणीच्या पलीकडून, मालक सोबत असताना, पाच मिनिटं. सांगायचं एवढंच: "नीट पाहून घे, मंग घरी तसाच कराचा हाय."

आता घडवणं. माती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी. पाय जाड आणि आखूड ठेवा, शिंगांच्या आत बांबूची बारीक काडी घाला. बहुतेक मुलं वशिंड पाठीच्या मधोमध लावतात. हात धरून सुधारू नका. "चाल, पुन्हा पाहून येऊ" म्हणा आणि कोठ्यात न्या. वशिंड खांद्यावर आहे, जू जिथे टेकतं त्याच्या मागे, हे त्याला स्वतः दिसलं की ते आल्याआल्या स्वतःच उपटून पुढे लावतं. नाही लावलं तर नाही. बैल त्याचा आहे.

चाकांसाठी पुढच्या आणि मागच्या पायांतून माती ओली असतानाच आडवं भोक पाडा. भोक आसाच्या काडीपेक्षा बरंच मोठं ठेवा, कारण वाळताना माती आकसते आणि भोकही बारीक होतं. ही चूक सर्वांत जास्त घरांत होते. वाळल्यावर भोक कोरायला गेलं की पाय तुटतो.

वाळवायला सावलीतच ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवला की वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि फुटतो.

तपासा: वाळत ठेवण्याआधी बैल चारही पायांवर उभा राहतो का? काडी भोकातून सैल फिरते का? दोन्ही हो असेल तरच पुढे.

घरात जुना लाकडी बैल असेल तर तो काढा, मातीचा त्याचा जोडीदार होईल. बैल एकटा नसतो, जोडी असते, हेही मग वेगळं समजवावं लागत नाही.

## टप्पा २: साज

बैल वाळतोय तोवर साज करायचा. इथे मोजमाप येतं, आणि ते पट्टीने करायचं नाही.

कासऱ्यासाठी सुतळी कापायची आहे. लेकराला म्हणा, "माह्यासाठी सात वीत सुतळी आण." ते स्वतःच्या वितेने मोजून आणेल. मग तुम्ही तुमच्या वितेने मोजा. पाच-साडेपाचच भरते. "सात सांगितली होती ना रे?" एवढंच म्हणा आणि थांबा. काही मुलं म्हणतात तुम्ही चुकला, काही पुन्हा मोजतात. थोड्या वेळाने दोघांचे हात एकमेकांवर ठेवून पाहा. त्यानंतर एक काडी तोडून ठरवा की आता दोघंही हिनेच मोजणार. मापाची पट्टी का लागते ते पहिलीत जाण्याआधीच कळलेलं असतं.

माळ ओवताना क्रम त्याला ठरवू द्या: दोन लाल, एक पिवळा, पुन्हा दोन लाल. मग मधे तुम्ही ओवायला घ्या आणि मुद्दाम चुका. पकडलं तर क्रम समजला. नाही पकडलं तर काही बोलू नका, पुढच्या माळेत एक लाल, एक पिवळा असा सोपा क्रम घ्या.

झूल लुगड्याच्या काठाची. आधी कागद बैलाच्या पाठीवर टाकून दोन्हीकडून दुमडायचा, मग त्या मापाने कापड. कात्री तुमच्या हातात, रेघ त्याची.

रंग गेरूचा आणि हळदीचा. ऑइल पेंट नको, वास जात नाही आणि हात तोंडात जातात. हळदीचं पाणी कालवलंच आहे तर एका वाटीत त्यात कपड्याच्या साबणाचं थोडं पाणी घाला. पिवळं पाणी लालसर होतं. वर लिंबू पिळलं की परत पिवळं. आधी विचारा, "काय होईन?" आणि मग घाला. शिंगांना लाल रंग याच वाटीतला, लिंबू पिळण्याआधी काढून ठेवलेला.

सावधान: हाच लाल रंग चुन्यानेही येतो, पण कालवलेला चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. चुना लेकराच्या हाताला लागू देऊ नका. साबणाने काम भागतं.

## टप्पा ३: खांदमळणीची संध्याकाळ

हा टप्पा लहान आहे, लहानच ठेवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन खांद्याला हळद आणि लोणी किंवा तेल चोळतात आणि आवतन (जेवणाचं निमंत्रण) देतात: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे आवतन लेकराने द्यायचं. एकच वाक्य, स्पष्ट, बैलाच्या तोंडासमोर नाही तर बाजूला उभं राहून. चोळायला जायचं तर मोठ्याच्या कडेवर बसून, फक्त खांद्यापर्यंत. बैलाच्या मागे आणि पोटाखाली लेकरू कधीच नको, बैल कितीही गरीब असला तरी.

घरी बैल नसेल तर मातीच्या बैलाचा खांदा चोळा. आवतन तेच.

## टप्पा ४: मोठा पोळा

सकाळी पहिलं काम मेढ्यांचं. दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायच्या असतात. "किती आणाच्या?" असं विचारून लेकराला घरात फिरवा. ते दारं मोजून येतं. दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या असतील तर एका दाराला दोन बोटं, असं करत आकडा काढतं. फांद्या आल्या की "पळसाला पाने तीनच" ही म्हण सांगा आणि खरी आहे का ते तपासायला लावा. एकेक देठ घ्यायचा, पानं मोजायची. दहा देठ झाले की ते स्वतः सांगत सुटतं.

स्वयंपाकघरात दोनच कामं. पुरणाला जेवढ्या वाट्या डाळ तेवढ्याच वाट्या गूळ, हे मोजून देणं. आणि नैवेद्याच्या पोळीचे तुकडे. एक पोळी, दोन बैल: अर्धी-अर्धी. चार बैल आले: चतकोर. "आता सालदाराची जोडी धरून सहा झाले, कसं कराचं?" इथे मुलं भन्नाट उपाय काढतात, काढू द्या. एकाने दुसरी पोळी मागितली तरी ते उत्तरच आहे.

सावधान: बैलाला पुरणपोळी चतकोरच. दारोदार प्रत्येकाने पोटभर चारली तर एकदम गेलेल्या गोडधोडाने बैलाचं पोट फुगतं, रवंथ थांबतं. हे लेकरालाही सांगा, पोळी देणारं तेच असतं.

संध्याकाळी आखरावर, म्हणजे बैलजोड्या जमतात त्या मोकळ्या जागेवर, जाताना त्याच्या एका खिशात खडे भरून द्या. तोरणाखाली जोडी आली की एक खडा या खिशातून त्या खिशात. जोड्या वीसच्या वर गेल्या तर पाच वर्षांच्या मुलाला तोंडाने मोजता येणार नाही, पण जोडीला खडा लावता येतो. घरी आल्यावर खडे दहा-दहाच्या ढिगात मांडा.

उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा: ओट्यावर, गच्चीवर किंवा बैलबंडीवर. झडत्या (पोळ्यात म्हणतात त्या यमकाच्या ओळी) संपत आल्या की लेकराला मागे घ्या. पोळा फुटतो तेव्हा बैल आणि माणसं एकदम हलतात, त्यात कोणी फटाके लावले तर बैल बिथरतात. त्या पाच मिनिटांसाठी मुलाला गर्दीत नेण्यासारखं तिथे काही नसतं.

## टप्पा ५: तान्हा पोळा आणि बोजारा

### पहाटे

मेढे गावाबाहेर टाकायला जातात तेव्हा लेकराला उठवा. नागपुरात या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (गावातली पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे) निघते, खेड्यात मेढे नेऊन टाकतात. "घेऊन जा गे मारबत" याच्या आधी काय म्हणायचं ते त्याने ठरवायचं. खोकला, मच्छर, शेजारचा चावरा कुत्रा, काहीही. मोठ्यांनी हसून यादी सुधारायची नाही.

### निघण्याआधी

घरं दहाच्या वर नको. मोठ्यांच्या हौसेने पोरांना अख्खं गाव फिरवतात आणि शेवटी बैल काखेत, पोरगं खांद्यावर. खडूने अंगणात वाट काढा: आपलं घर, विहीर, मारुतीचं देऊळ, मोठी माय, काकू. वाटेत पुढे ते आणि मागे तुम्ही. "आता कुठं?" हे तुम्ही त्याला विचारायचं.

दोरीने बैल ओढून पाहा. ओसरीच्या फरशीवर पळतो, चिखलात रुततो, उतारावर मालकाच्या टाचेवर येतो. दोरी किती लांब हवी ते या तिसऱ्या प्रकारावरून ठरतं. मातीचा बैल रस्त्यावर ओढला तर फुटेल असं वाटत असेल तर पाटावर बसवा आणि दोरी पाटाला बांधा.

दारात काय बोलायचं याचा सराव तीन गोष्टींचा: रामराम, आपल्या बैलाचं नाव, आणि दोन ओळींची झडती. पाठ केलेल्या लांब झडतीत मूल अडकतं आणि माय मागून पुटपुटते. त्यापेक्षा त्याच्याकडूनच जुळवून घ्या. पहिली ओळ तुम्ही द्या, दुसरीचं यमक त्याने शोधायचं:

मातीचा माहा बैल, चाकं त्याले चार
काकू, बोजारा द्या, उघडा तुमचं दार

शेवटी सगळ्यांनी मिळून "हर बोला, हर हर महादेव". लाजरं मूल असेल तर एवढा शेवटचा गजर केला तरी भरपूर.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की नोटेऐवजी नाणी द्या, आणि लेकराच्या हातात द्या, आमच्या नाही.

### घरी आल्यावर

नाणी ताटात ओता. आधी मोजू नका, निवडू द्या: एकची इकडे, दोनची तिकडे, पाचची आणि दहाची वेगळी. सारख्याला सारखं लावणं जमलं की मगच बदलाबदली. "माह्याजवळ दहाचं एक हाय. तुह्याकडून पाचची किती देशीन?" लहान मुलांना पाचची दोन म्हणजे नुकसान वाटत नाही, फायदा वाटतो. एकाची दोन झाली ना! चार-पाच वेळा उलटसुलट बदलली की गंमत कळते.

मग त्यातले थोडे पैसे त्याच्या हाताने दुकानात खर्च करू द्या. सगळा बोजारा "ठेवायला" म्हणून मोठ्यांच्या खिशात जातो, आणि पुढच्या वर्षी ते पोरगं मोजायच्या भानगडीत पडत नाही.

सावधान: कोणी किती दिले, कोणाच्या पोराला जास्त मिळाले, ही बोलणी लेकरासमोर नकोत. गावात कोणाची परिस्थिती काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. मोजायचंच असेल तर घरं मोजा.

बैल-सजावटीच्या स्पर्धेबद्दल माझं मत रोखठोक आहे. बक्षीस मोठ्यांनी केलेल्या बैलाला मिळतं. हौस म्हणून मूल घेऊन जायला हरकत नाही, पण त्यासाठी त्याचा वाकडा बैल बाजूला ठेवून दुसरा आणू नका.

## टप्पा ६: दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास

हा टप्पा बहुतेक घरांत होतच नाही. चार कागद द्या, चार चित्रं काढू द्या: माती, आवतन, आखर, बोजारा. कागद मिसळून टाका आणि क्रमाने लावायला सांगा. मग एकेका चित्राखाली ते जे बोलेल ते तुम्ही लिहा, जसंच्या तसं. "बैलाले पोयी देल्ली" म्हटलं तर तेच लिहा, "बैलाला पोळी दिली" करू नका. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि परत वाचता येतं, हे त्याला दिसायला हवं. पुस्तकी भाषा शाळेत येणारच आहे.

## मधेच बिघडलं तर

बैल तुटला. रडणं संपू द्या. तुटलेला तुकडा दाखवून विचारा की आतून ओला होता की कोरडा. वेळ असेल तर नवा, नसेल तर चिखलाच्या लेपाने जोडून वर सुतळी गुंडाळा. पायाला पट्टी बांधलेला बैलही बोजारा मागू शकतो.

मूल कंटाळलं. काम अर्ध्यावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचला. आठ दिवस त्यासाठीच धरले आहेत. तुम्ही बसून पूर्ण केलं तर सगळं मुसळ केरात.

दोन भावंडं भांडतात. एक जोडी, एक बैल एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. साज मात्र एकमेकांच्या बैलाचा करायचा.

ऐन दिवशी पाऊस. रंग धुऊन जातो आणि कच्ची माती विरघळते. बैलावर पॉलिथिन घालून फिरवण्यापेक्षा ओसरीवर आणि शेजारच्या दोन घरी जा, उरलेली घरं पाऊस थांबल्यावर. अंगणातली खडूची वाट पुसली गेली असेल, तर ती आता लेकराला आठवून काढायला सांगा.